विषारी गाळ आणि तज्ज्ञांचा सल्ला : तज्ज्ञ नेमके कोणाचे?



रेल्वे कामगारांच्या संघटनेने नदी-खाडीतील गाळावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, ठेकेदारी हे प्रश्न डोक्यावर असताना हा गाळ कशाला उपसता, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. आपला लोहमार्ग नद्या, नाले आणि खाड्या ओलांडूनच पुढे जातो. पुलाखाली आणि मोऱ्यांत उतरून पावसाळ्यापूर्वी गाळ काढणारा माणूस आपला आहे, मग त्याचे नाव खात्याच्या हजेरीवर असो की ठेकेदाराच्या. खाडीकाठच्या वस्तीत टपाल घेऊन जाणारा पोस्टमन आपला आहे. नाल्याकाठच्या चाळीत राहणारे कुटुंब आपले आहे आणि त्या खाडीची मासळी आपल्याच घरात शिजते. म्हणून गाळात काय आहे, ते कोण तपासतो आणि तपासणारा कोणाला जबाबदार आहे, हा प्रश्न कामगार संघटनेचाच आहे.

गाळ म्हणजे काय?

कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडले की पाणी वाहून जाते आणि चार दिवसांनी नदी स्वच्छ दिसू लागते. पण पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि काही तेलकट रसायने मातीच्या बारीक कणांना चिकटतात व तळाशी बसतात. पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासला तर तो चांगला येऊ शकतो, आणि त्याच जागी तळाला विष साठलेले असू शकते. तळातील किडे ते खातात, किड्यांना लहान मासे, लहान माशांना मोठे मासे आणि शेवटी माणूस. काही विषांचे प्रमाण प्रत्येक पायरीला वाढत जाते. पाऱ्याचे तर आणखी वेगळे आहे. गाळातील काही जीवाणू साध्या पाऱ्याचे रूपांतर मेथिल पाऱ्यात करतात. तो शरीरात सहज शिरतो आणि मेंदूवर घाला घालतो.

म्हणून गाळाचा अभ्यास पाण्याच्या अभ्यासापेक्षा अवघड असतो. आपल्या इंजिनीअरिंग खात्यातील मंडळींना हे चटकन समजेल. पुलाचा पाया घेताना कोणी वरची माती बघून खांब उभा करीत नाही, बोअर घेऊन खालचा एकेक थर तपासतात. गाळाचेही तसेच. नळी खोल घालून थर जसेच्या तसे वर काढावे लागतात. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे १९५० आणि १९६० च्या दशकांत जगभर पसरलेल्या सीझियमसारख्या खुणांवरून कोणता थर कोणत्या काळातला हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. कण किती बारीक आहेत, भरती-ओहोटीने गाळ कोणीकडे सरकतो, किती धातू निसर्गतःच त्या मातीत होता, हे सारे पाहावे लागते. वाळूत विष कमी टिकते, चिकणमातीत जास्त. नमुना कोठून घेतला यावरच निकाल फिरू शकतो. म्हणजे नमुन्याची जागा ठरविणारा माणूसच अर्धा निकाल ठरवीत असतो! तज्ज्ञ कोणाचा, या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

मिनामाताचा धडा

जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात मिनामाता नावाचे गाव आहे. तेथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे व त्यासाठी पारा वापरला जाई. त्या प्रक्रियेत मेथिल पारा तयार होऊन सांडपाण्याबरोबर उपसागरात जात होता. १ मे १९५६ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी कारण न समजणाऱ्या मेंदूच्या आजाराचे रुग्ण आढळल्याचे सरकारी आरोग्य केंद्राला कळविले. रुग्ण होते कोळ्यांच्या घरातले. हातपाय थरथरत, जीभ जड होई, नजर अरुंद होई. मांजरेसुद्धा वेड्यासारखी नाचून मरत.

कुमामोतो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला. कारखान्याच्या सांडपाण्याच्या मुखाजवळील गाळात टनामागे सुमारे २ किलो पारा निघाला. जुलै १९५९ मध्ये त्यांनी सांगितले की आजाराचे कारण सेंद्रिय पारा आहे. गाळाने साक्ष दिली होती. प्रश्न तेथेच मिटायला हवा होता.

पण पुढे काय झाले? रासायनिक उद्योगाच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याने सांगितले की महायुद्धानंतर समुद्रात टाकलेल्या स्फोटकांमुळे हे झाले. टोकियोच्या एका प्राध्यापकाने सांगितले की कुजलेल्या मासळीतील अमाइन नावाच्या द्रव्यांमुळे झाले. आरोग्य मंत्रालयाच्या समितीने १२ नोव्हेंबर १९५९ रोजी सेंद्रिय पारा हेच कारण असल्याचा अहवाल दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्या समितीची मिनामाता शाखा विसर्जित करण्यात आली! डिसेंबरमध्ये कंपनीने गाजावाजा करून सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसविले. त्या यंत्राची रचना मुळात सेंद्रिय पारा काढण्यासाठी नव्हतीच. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रुग्णांशी करार झाला. थोडी रक्कम हातावर ठेवण्यात आली आणि अट घालण्यात आली की पुढे दोष कंपनीचा ठरला तरी आणखी भरपाई मागायची नाही. १९७३ साली न्यायालयाने हा करार बेकायदा ठरविला. पण मधली चौदा वर्षे कोणी परत दिली?

त्याहून भयंकर गोष्ट डॉ. होसोकावा यांची. १९५९ च्या ऑक्टोबरात त्यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नातून मांजराला दिले आणि त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने पुढील प्रयोग थांबविले व निष्कर्ष दाबून ठेवला. हे सत्य न्यायालयापुढे आले १९७० साली, मरणाच्या वाटेवर असलेल्या डॉक्टरांनी अंथरुणावरून साक्ष दिली तेव्हा. डॉक्टर प्रामाणिक होते, ज्ञान होते, पुरावाही होता. फक्त तो पुरावा ज्यांच्या कपाटात होता त्यांना तो नको होता.

दरम्यान सांडपाणी वाहतच राहिले. १९६५ साली निगाता प्रांतात अगानो नदीकाठी तोच आजार दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यामुळे उद्भवला. मिनामाता येथील पाऱ्याची ती प्रक्रिया मे १९६८ मध्ये बंद झाली. आणि जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले २६ सप्टेंबर १९६८ रोजी, म्हणजे पाऱ्याचा वापर संपल्यावर! शासनमान्य रुग्णांचीच संख्या पुढे सुमारे तीन हजारांवर गेली. मान्यता न मिळालेले त्याहून कितीतरी अधिक.

तेथील कामगार संघटना काय करीत होती?

हा प्रश्न आपण टाळता कामा नये. मिनामाता हे कंपनीवर जगणारे गाव होते. कारखाना बंद पडला तर चूल विझेल, या भीतीने कामगार सुरुवातीला रुग्णांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. १९६२ साली वेतनाच्या प्रश्नावर मोठा लढा झाला, कंपनीने दुसरी संघटना उभी करून कामगारांत फूट पाडली. मालक आपल्याशी कसा वागतो हे कामगारांनी तेव्हा अंगावर सोसले. त्यानंतर, ऑगस्ट १९६८ मध्ये, मूळ संघटनेने आपल्या सभेत जाहीर ठराव केला की मिनामाता आजाराच्या प्रश्नावर आपण लढलो नाही, ही कामगार म्हणून शरमेची गोष्ट आहे. जगाच्या कामगार चळवळीत असे ठराव थोडे आहेत. आणि तो ठराव कागदावर राहिला नाही. त्या संघटनेचे सभासद पुढे रुग्णांच्या बाजूने न्यायालयात साक्षीला उभे राहिले. कारखान्याच्या आत काय चालत होते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

आमच्या मते यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पोट आणि पर्यावरण यांचे भांडण लावणारा मालक असतो. विष प्यायला लागणारे दोन्हीकडे गरीबच असतात. दुसरी, कामगार हा स्वतः एक जाणकार आहे. कोणता नळ रात्री उघडतात, कोणत्या वर्षी कोणता माल बदलला, कोठे खड्डा काढून काय पुरले, हे त्याला माहीत असते. ज्या अभ्यासात कामगाराला कोणी विचारलेच नाही, तो अभ्यास अपुरा आहे.

तज्ज्ञ नकोत असे नव्हे

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. सगळेच तज्ज्ञ विकले गेलेले असतात, आपल्याला कोणाची गरज नाही, असे म्हणणारे पुढारी आपल्यातही आहेत. हे चूक आहे. मिनामाताचे सत्य शोधले तेही तज्ज्ञांनीच. डॉ. मासाझुमी हाराडा हे तरुण डॉक्टर रुग्णांच्या झोपड्यांत फिरत. एका घरात दोन भाऊ आजारी होते. आई म्हणाली, धाकट्याने मासळी कधी खाल्लीच नाही, माझ्या पोटातूनच त्याच्यात विष गेले. त्या वेळचे वैद्यकशास्त्र सांगे की वार गर्भाला विषापासून वाचवते. हाराडांनी त्या आईचे म्हणणे उडवून लावले नाही, तपास केला, आणि १९६२ साली अशा मुलांना गर्भातच विषबाधा झाल्याचे मान्य झाले. कोळ्याच्या घरातली आई बरोबर होती. पण तिचे म्हणणे सिद्ध करायला शिकलेला आणि ऐकून घेणारा डॉक्टर लागला.

आपल्याला असाच तज्ज्ञ हवा. घोषणांनी पारा मोजता येत नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे प्रयोगशाळेचा अहवाल स्वतः तयार करू शकत नाही. मात्र नमुने कोणी घेतले, किती खोलीवरून घेतले, पैसे कोणी दिले आणि अहवाल कोणाला दाखविला, हे चार प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

आपल्या अनुभवातही हे आहे

रेल्वे अपघाताची चौकशी कोण करतो? रेल्वे सुरक्षा आयुक्त. तो रेल्वे बोर्डाचा माणूस नसतो, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. ही व्यवस्था आजची नाही. १९४१ साली हे निरीक्षक रेल्वेपासून तोडून त्या वेळच्या टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. कारण उघड आहे : ज्याची गाडी घसरली त्यानेच चौकशी करावी, हे न्यायाला धरून नाही. मग ज्याच्या नळातून विष गेले त्यानेच गाळ तपासणारा निवडावा, हे कोणत्या न्यायात बसते?

मुंबईच्या जुन्या कामगारांना दुसरी गोष्टही आठवत असेल. १९६३ साली मुंबईतील महागाई निर्देशांक खोटा आहे, अशी ओरड कामगारांनी केली. आकडे सरकारी तज्ज्ञांचे होते. पण बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्याला सत्य कळत होते. लढा झाला, प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि निर्देशांकात दोष असल्याचे मान्य झाले. कामगारांनी गणित नाकारले नाही, गणित पुन्हा करून मागितले. गाळाच्या बाबतीतही आपली मागणी हीच आहे.

उपसावा की राहू द्यावा?

विष सापडले की लगेच गाळ उपसून टाका, अशी मागणी होते. ती समजण्यासारखी असली तरी घाईची आहे. गाळ ढवळला की तळाशी बसलेले विष पुन्हा पाण्यात मिसळते. मिनामातात उपसण्याचे काम १९७७ साली सुरू झाले तेव्हा रहिवासीच न्यायालयात गेले, कारण विष पसरेल अशी त्यांना भीती होती. काम थांबले, १९८० साली न्यायालयाचा निकाल झाल्यावर पुन्हा चालू झाले आणि १९९० पर्यंत चालले. दर दहा लाख भागांत २५ भागांपेक्षा जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळावा लागला. त्याखाली ५८ हेक्टर भराव तयार झाला. खर्च सुमारे ४८५० कोटी येन. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ पासून उपसागरात जाळे लावलेले होते. ते १९९७ साली काढले. म्हणजे १९५६ पासून एक्केचाळीस वर्षे! वेळीच नळ बंद केला असता तर हा खर्च आणि ही माणसे, दोन्ही वाचली असती.

अमेरिकेत हडसन नदीचे उदाहरण याच जातीचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नावाची रसायने नदीत गेली. गाळ तसाच राहू द्यावा, नवा गाळ त्याला झाकून टाकील, असे कंपनीचे म्हणणे होते आणि त्यासाठी तिने जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा खर्च केला. शेवटी सरकारने २००२ साली उपसण्याचा निर्णय दिला आणि २००९ ते २०१५ या काळात २७ लाख घनयार्डांवर गाळ काढण्यात आला. पहिल्या टप्प्यानंतर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून कामाची तपासणी करून मगच पुढचा टप्पा घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच देशात १९८६ च्या कायद्याने आणखी एक सोय केली. विषारी जागेजवळ राहणाऱ्या लोकांच्या गटाला स्वतःचा तांत्रिक सल्लागार नेमता यावा म्हणून सरकारी अनुदान मिळू लागले, सुरुवातीला ५० हजार डॉलरपर्यंत. सल्लागाराने सरकारचे आणि कंपनीचे अहवाल वाचायचे आणि लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचे. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात हे होऊ शकते, तर आपल्याकडे का नको?

आपल्याकडची स्थिती

उल्हास नदीच्या खाडीचे उदाहरण घ्या. कल्याण-अंबरनाथ परिसरात रेल्वे कामगारांची हजारो कुटुंबे आहेत. क्लोर-अल्कली कारखान्यांचे पारायुक्त सांडपाणी या पात्रात येत होते आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील गाळातील पाऱ्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या देशात जाणकार नाहीत असे मुळीच नाही. क्लोर-अल्कली उद्योग पुढे पाऱ्याची पद्धत सोडून मेम्ब्रेन पद्धतीकडे वळला, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ साली शिक्कामोर्तब केले. हे चांगलेच झाले. पण नळ बंद झाला म्हणून खाली बसलेला पारा कोठे जात नाही. आणि शास्त्रज्ञांचा अभ्यास इंग्रजी मासिकात छापून येतो. खाडीकाठच्या माणसाला त्यातले किती कळते?

कायद्याकडेही पाहा. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमानुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्यावी लागते. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या, आणि त्याने मागणी केली तर दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून ही काळजी घेतली आहे आणि ती योग्यच आहे. मग ज्याच्या ताटात ती मासळी येते, त्याच्यासमोर नमुना का घेऊ नये? दुसरा भाग मागण्याचा हक्क त्याला का नसावा?

आमच्या मागण्या

१. दूषित नदी-खाडीच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या समितीत काठावरील रहिवासी, मच्छीमार आणि कामगार संघटना यांनी सुचविलेला किमान एक तज्ज्ञ असावा. त्याचे मानधन सरकारी निधीतून द्यावे, कंपनीकडून थेट नव्हे.

२. नमुना घेण्याच्या जागा ठरविताना स्थानिक लोकांना आणि जुन्या कामगारांना विचारावे. नमुना त्यांच्यासमोर घ्यावा व त्याचा एक सीलबंद भाग स्वतंत्र प्रयोगशाळेसाठी राखून ठेवावा.

३. अहवाल स्थानिक भाषेत, सोप्या शब्दांत प्रसिद्ध करावा. कोणत्या तज्ज्ञाने कोणत्या कंपनीकडून पैसे घेतले आहेत, हे त्यातच लिहावे.

४. औद्योगिक पट्ट्यातील पुलांखालचा व मोऱ्यांतला गाळ काढण्यापूर्वी तो तपासावा. काढणाऱ्या माणसाला, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा, गमबूट, हातमोजे व वैद्यकीय तपासणी मिळावी. काढलेला गाळ वस्तीशेजारी टाकू नये.

५. प्रदूषणामुळे कारखान्यावर कारवाई झाली तर कामगारांच्या वेतनाची आणि पर्यायी कामाची जबाबदारी आधी निश्चित करावी. कामगाराला ओलीस ठेवून विष सोडण्याचा धंदा बंद झाला पाहिजे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकाराखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अहवाल मागता येतात. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायाधीशांबरोबर तज्ज्ञ सदस्यांची तरतूद आहे, तेथे दाद मागता येते. जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापकांना शाखेच्या सभेला बोलावता येते. कल्याण असो, भुसावळ असो, नागपूर असो की महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त गेलेली आपली मंडळी असोत, प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका नाल्याची अगर नदीची माहिती गोळा करण्यास सुरुवात करावी. कोणता कारखाना केव्हा सुरू झाला, पाण्याचा रंग केव्हा बदलला, मासळी केव्हा कमी झाली, हे निवृत्त कामगारांकडून लिहून घ्यावे. उद्या चांगला तज्ज्ञ भेटला तर त्याला हीच वही सर्वांत आधी लागेल.

मिनामाताच्या कामगारांना जागे व्हायला बारा वर्षे लागली, तरीही ते जागे झाले आणि साक्षीला उभे राहिले. आपल्यासमोर त्यांचा अनुभव आहे, म्हणून आपल्याला तेवढी वाट पाहण्याची गरज नाही. येत्या शाखा-सभांच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा व ठराव महासंघाच्या कचेरीकडे पाठवावेत, अशी सर्व शाखा-चिटणीसांना आमची आग्रहाची विनंती आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!